फक्त नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांसाठी

शोकसभेत लोक रडतात, निदान रडल्यासारखं करतात, एवढं चावीवाल्याला माहीत होतं. पण आपल्याच बायकोच्या शोकसभेत लोक आपल्याकडे बघून हसू दाबतायत, हा प्रकार त्याला नवीन होता.

सभा विद्यापीठाच्या मोठ्या हॉलमध्ये होती. व्यासपीठावर तिचा मोठा केलेला फोटो होता, आणि फोटोतसुद्धा ती कुणाची तरी आकडेमोड चुकल्यासारखी बघत होती. ती अर्थशास्त्राची प्राध्यापक होती. विद्यार्थी तिला बाई म्हणायचे, चावीवाला घरात तिला प्रोफेसर म्हणायचा, आणि ती त्याला काय म्हणायची हा प्रश्न त्या दिवसापर्यंत त्याला कधी पडलाच नव्हता. वक्त्यांमागून वक्ते उठत होते. तिला जिवंतपणी ज्यांनी एक साधी खोली धड मिळू दिली नाही, ते तिच्या नावाने आख्खी इमारत बांधायला निघाले होते. चावीवाला पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. शेजारी त्याची मेहुणी रुमालाआड जांभया देत होती.

सभा संपल्यावर माजी विद्यार्थी भेटायला आले. कुणी वकील झाला होता, कुणी दुकानदार, बऱ्याच जणांची पोटं सुटली होती. येताना चेहरे रीतसर पडलेले असायचे, पण "हे बाईंचे मिस्टर" असं कुणी सांगितलं की त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागायचे. एक जण तर हात जोडता जोडता खोकल्याचं निमित्त करून बाहेरच पळाला. शेवटी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला एक गोल गरगरीत माणूस आला. त्याने चावीवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला, डोळे भरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हीच ते! बुडीत खर्च!"

मेहुणीचा रुमाल खाली आला.

"काय म्हणालात?" चावीवाल्याने विचारलं.

बँकवाल्याने जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. मग त्याला सगळं सांगावंच लागलं. बुडीत खर्च म्हणजे गेलेले पैसे, काही केलं तरी परत न येणारे. तिकीट काढून सिनेमाला बसलात, सिनेमा टुकार निघाला, तरी पैसे गेलेत म्हणून माणूस शेवटपर्यंत बसून राहतो. अर्थशास्त्र म्हणतं, गेलं ते गेलं, ऊठ आणि घरी जा. हे शिकवताना बाई टीव्हीवरच्या एका मालिकेतला तुकडा दाखवायच्या. त्यात एक माणूस असाच थिएटरात घोरत बसलेला असायचा. तुकडा संपला की दिवे लावायच्या आणि म्हणायच्या, "हसू नका. माझंही लग्न झालंय. इतकी वर्षं घातलीत त्या माणसात, आता कुठे सोडू?"

"आणि मग आख्खा वर्ग जो काय फुटायचा!" बँकवाला आठवणीनेच खुलला आणि लगेच पुन्हा शोकाकुल झाला. "दर वर्षी सांगायच्या हो. आम्ही वरच्या वर्गातली मुलं त्या तासाला मुद्दाम मागे जाऊन बसायचो."

"मग पुढे काय म्हणायची?"

"पुढे? पुढे काही नाही. हसणं थांबायचं आणि त्या फळ्यावर काहीतरी लिहायला लागायच्या."

दोघं घरी निघाली. मेहुणीच बोलत होती. "भाऊजी, ताईचं तुम्हाला माहीत नाही का? तिची जीभच तशी होती. मला तर ती लहानपणापासून माकड म्हणायची."

"माकड वेगळं," चावीवाला म्हणाला. "माकड म्हणजे निदान काहीतरी आहे. हे म्हणजे जे होतं ते गेलं, असं आहे."

आता खरं सांगायचं तर हा माणूस काही हळवा वगैरे नव्हता. बाजाराच्या कोपऱ्यात त्याचं चाव्या बनवायचं दुकान होतं, दुकान कसलं, दोन माणसं एकमेकांना धक्का न देता उभी राहू शकत नाहीत असं खोपटंच. दिवसभर मशीन खरखरायचं, लोखंडाचा कीस उडायचा आणि चावीवाला गिऱ्हाइकांवर खेकसायचा. प्रोफेसर त्याला भेटली ती नुकतीच नोकरीला लागलेली असताना, खोलीची चावी आत आणि ती बाहेर, अशा अवस्थेत. त्याने कुलूप उघडून दिलं. पुढच्या आठवड्यात तेच कुलूप पुन्हा बिघडलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. चावीवाल्याला माणसं फारशी कळत नसली तरी कुलपं कळायची, आणि कुणीतरी केसातली पिन घालून हे कुलूप मुद्दाम बिघडवतंय हे त्याने ओळखलं. मग लग्न झालं.

लग्नानंतर तिच्या विभागातली मंडळी कधी जेवायला आली की हमखास कुणीतरी त्याला विचारायचं, "आपण कुठल्या विभागात?" तो सांगायचा, "कुलूप विभागात." सगळे हसायचे, प्रोफेसरही हसायची. इतकी वर्षं त्याची खात्री होती की ती त्याच्या बाजूने हसते. शोकसभेनंतर ती खात्री गेली. त्या हसणाऱ्यांत ती खरोखर कुणाच्या बाजूला होती? टुकार सिनेमा बघत ती शेवटपर्यंत बसून राहिली, तिकीट काढलं होतं म्हणून? एवढी एकच गोष्ट त्याला कळायला हवी होती, आणि जिला विचारायची ती नेमकी उत्तर द्यायला जागेवर नव्हती. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्याने तिच्या आणखी काही विद्यार्थ्यांना गाठलं. वकिलाला कोर्टाच्या पायरीवर धरलं, दुकानदाराकडे गरज नसताना झाडू घेतला. सगळ्यांची कथा एकच. थिएटर, घोरणं, लग्न, हशा. आणि हशाच्या पुढे सगळ्यांच्या आठवणीत एक मोठं भोक. दुकानदार म्हणाला, "काका, आमचं आम्हाला ऐकू येत नव्हतं हो हसण्यात. बाई फळ्याकडे वळून काहीतरी पुटपुटायच्या, पण तेव्हा लक्ष कुणाचं असणार?" मग झाडू बांधता बांधता त्याने सहज सांगितलं, "शेवटच्या वर्षी त्यांचे सगळे तास रेकॉर्ड केलेत म्हणे विद्यापीठाने. माझी मुलगी त्यावरच तर पास झाली."

दुसऱ्या दिवशी चावीवाल्याने दुकान बंद ठेवलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून विद्यापीठ गाठलं.

तिथल्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनांच्या ओळीच्या टोकाला, कॉपीराइट अधिकाऱ्याची काचेची खोली होती. पुस्तकांच्या नकला काढायच्या आणि टीव्ही-रेडिओवरचं काही वर्गासाठी रेकॉर्ड करायचं, तर विद्यापीठाला परवाने घ्यावे लागतात. त्या परवान्यांच्या अटी सांभाळणं हे त्याचं काम. प्रत्येक मशीनवर त्याने पाटी चिकटवली होती, एका पुस्तकाचा एकच धडा किंवा दहावा हिस्सा. त्यामुळे आख्खं विद्यापीठ त्याला 'दहावा हिस्सा' म्हणायचं. कँटीनमध्ये त्याच्या कपात तळ झाकेल एवढाच चहा ओतून "आपल्याला एवढीच परवानगी" असं म्हणायची तिथल्या पोऱ्यांपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना खोड होती. तो बिचारा आता घरूनच थर्मासमध्ये गरम पाणी आणायचा.

"मला माझ्या बायकोचा तास बघायचाय," चावीवाला खुर्ची ओढून म्हणाला.

"विद्यार्थी क्रमांक?"

"तिचा?"

"तुमचा."

"मी विद्यार्थी नाही. नवरा आहे."

दहाव्या हिश्शाने कॉम्प्युटरमध्ये मनापासून शोधलं. "विद्यार्थी आहे, शिक्षक आहे, परीक्षक आहे. नवरा असा गट नाहीये आमच्याकडे."

चावीवाल्याने बायकोचं नाव सांगितलं. दहावा हिस्सा अर्धवट उठून पुन्हा बसला. बाईंबद्दल त्याला आदर होता, बहुधा भीतीही. त्याने सगळे तास काढून पाहिले आणि मान हलवली. बाकीचे विद्यापीठाच्या मालकीचे, त्यांचं एक वेळ काहीतरी करता आलं असतं, पण चावीवाल्याला हवा तोच तास अडकला होता. त्यात टीव्हीवरच्या मालिकेचा तुकडा होता. टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचा विद्यापीठाकडे परवाना होता, पण तो शिकवण्यापुरता. नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याला, विद्यापीठाच्या आवारात, शिकण्यासाठीच दाखवायचं. बाहेरच्याला दाखवलं की परवाना मोडला.

"अहो, समोरच्या दुकानात जाडजूड पुस्तकांच्या आख्ख्या नकला रद्दीसारख्या रचून ठेवल्यात! तिथे तुमचा दहावा हिस्सा कुठे जातो?"

"ते आवाराच्या बाहेर," तो शांतपणे म्हणाला. "मी आवाराच्या आत."

"मग तेवढा घोरण्याचा तुकडा कापून टाका. मला तो बघायचाच नाहीये."

"कापला असता. पण बाईंनीच लिहून दिलंय." त्याने स्क्रीन चावीवाल्याकडे वळवला. रेकॉर्डिंगला संमती देताना प्रोफेसरने खाली स्वतःच्या हाताने वाक्य जोडलं होतं, माझा तास दाखवायचा तर सबंध दाखवायचा, एक शब्दही कापायचा नाही. त्यालाही कारण होतं. त्याआधी एका विभागप्रमुखाने तिचं भाषण असं कापलं होतं की "यांच्यासारखा कारभार कुणीच केला नसता, इतका यांनी तो बिघडवला" या वाक्याचं "यांच्यासारखा कारभार कुणीच केला नसता" एवढंच उरलं, आणि ते वर्षभर विद्यापीठाच्या जाहिरातीत फिरलं. तेव्हा घरात तिने भांडी आपटली होती ते चावीवाल्याला चांगलं आठवत होतं. सहीसुद्धा तीच, शेवटच्या अक्षराची शेपटी रागाने ओढलेली.

"मेली तरी हिचं हिनेच खरं केलं," तो म्हणाला. "बरं, तुम्ही ऐका आणि मला सांगा."

"मी ऐकलं तर ते शिकण्यासाठी होत नाही."

"थोडं शिकलात तर काही बिघडेल का?"

दहाव्या हिश्शाने स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवला. चावीवाल्याला उठून जायचं होतं, पण तो उठला नाही. खिशातला जुडगा तो उगाच फिरवत राहिला. त्याच्याकडेही अशा चाव्या यायच्या, ज्यांच्यावर 'नक्कल करू नये' असं कोरलेलं असायचं, आणि असल्या चाव्या त्याने जन्मात कधी केल्या नव्हत्या. मागे एक जण अक्षरशः रडला होता दुकानासमोर, तरी नाही केली. तेव्हा त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आज त्या रडणाऱ्याचा चेहरा आठवून त्याला कानकोंडं झालं.

"ऐकायचंय तरी काय तुम्हाला त्यात?" दहाव्या हिश्शाने विचारलं.

"ती वर्गासमोर मला बुडीत खर्च म्हणाली. दर वर्षी म्हणायची. त्याच्यापुढे काही म्हणाली का, तेवढं ऐकायचंय."

दहाव्या हिश्शाने थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग खण उघडून विद्यापीठाचं माहितीपत्रक बाहेर काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अर्थशास्त्राची ओळख, प्रमाणपत्र वर्ग, वयाची अट नाही. "यात बाईंचे तास ऐकावे लागतात. प्रवेश अजून चालू आहेत," तो म्हणाला, आणि आपण काहीतरी बेकायदेशीर केल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. वास्तविक इतकं कायदेशीर काम त्या इमारतीत वर्षानुवर्षं झालं नव्हतं.

अशा रीतीने चावीवाला विद्यार्थी झाला. फोटोचं ओळखपत्र मिळालं, त्यात तो पोलिसांना हव्या असलेल्या माणसासारखा दिसत होता. मेहुणीने त्याला वही घेऊन दिली आणि पहिल्या दिवशी दारात उभी राहून "डबा घेतलात का?" असं विचारून पोट धरधरून हसली.

वर्ग सकाळचा होता. बढती अडकलेले कारकून होते, एक निवृत्त नर्स होती, आणि नव्या धंद्यात उतरलेल्या दोन बहिणी होत्या, त्या प्रत्येक वाक्य लिहून घ्यायच्या, अगदी "पंखा लावा" सुद्धा. शिकवायला प्रोफेसरचाच एक विद्यार्थी होता, नवा मास्तर. पहिल्या बाकावर बाईंचे मिस्टर बसलेले पाहून त्याच्या हातून खडू दोनदा पडला. त्याला वाटलं, बाईंनीच वरून तपासणीला पाठवलेत. मागणी आणि पुरवठा शिकवताना तो दर वाक्याला चावीवाल्याकडे बघून "बरोबर ना?" म्हणायचा. चावीवाल्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. तो गंभीरपणे मान हलवायचा, आणि मास्तरला धीर यायचा. लवचिकतेच्या धड्याला तर चावीवाला सरळ झोपला. मास्तरने त्याला उठवलं नाही, उलट आवाज खाली आणला.

रेकॉर्ड केलेले तास मात्र एकदम उघडत नसत. वर्ग जिथवर पोचला तिथवरचेच ग्रंथालयाच्या ऐकण्याच्या खोलीत बसून बघायचे, कानाला हेडफोन लावून. बुडीत खर्च पार शेवटाकडे होता. तोवर आधीचे तास बघणं आलं.

आणि तिथे चावीवाल्याची पंचाईत झाली. इतक्या वर्षांत त्याने बायकोला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. ती त्याच्या दुकानात यायची, पाटावर बसून शेंगा खायची, पण तो कधी तिच्या वर्गात गेला नव्हता. आता ती स्क्रीनवर येरझाऱ्या घालत होती, नाकाला खडू लागलेला, हातवारे चाललेले. मागच्या बाकावरच्या पोराला "तुझं मत विचारलं की सांग, तोवर तोंड बंद" म्हणत होती. ती घरात बोलायची त्याच्या दुप्पट मोठ्याने बोलत होती, आणि घरातलंच काही कमी नव्हतं. चावीवाला आधी बघून घ्यायचा, कुणी आपल्याकडे बघत नाही ना, आणि मग तोच तास पुन्हा लावायचा. मागणीची रेषा खाली का जाते हे त्याला दुसऱ्यांदाही कळलं नाही, पण त्याला बरं वाटायचं. त्याला तिची आठवण येत होती, अगदी सरळ सांगायचं तर फार येत होती.

त्यामुळे झालं काय, की बुडीत खर्चाचा तास उघडला त्या आठवड्यात त्याला अचानक ताप आला. थर्मामीटरला कळत नव्हता असा ताप. तो अंथरुणात पडून राहिला, तेव्हा मेहुणी आली आणि तिने पांघरूण ओढलं.

"भाऊजी, उठा. ताई जिवंत होती तेव्हा कधी घाबरलात का तिला?"

"रोज घाबरायचो."

"मग आता काय नवीन आहे? उठा, मीही येते."

"आणि तिने पुढेही तेच म्हटलं असेल तर?"

मेहुणीने हातातलं पांघरूण खाली टाकलं. ती त्याच्या पायाशी बसली. "तर आपण दोघं मिळून तिला शिव्या घालू," ती म्हणाली. "मला माकड म्हटल्याच्याही त्यातच घालते."

ऐकण्याच्या खोलीच्या दारात दहावा हिस्सा उभा होता. चावीवाल्याचं ओळखपत्र त्याने पाहिलं आणि त्याला आत सोडलं. मेहुणीला अडवलं. "फक्त नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांसाठी." ती म्हणाली, "मी सख्खी बहीण आहे." तो म्हणाला, "बहीण असाही गट नाहीये." ती काचेबाहेर बाकावर बसली आणि नाक काचेला लावून बघत राहिली. काचेवर वाफ धरली तरी तिने नाक हलवलं नाही.

चावीवाल्याने हेडफोन लावले. प्रोफेसर आली. आज तिने त्याला आवडणारी निळी साडी नेसली होती, म्हणजे तिच्या सगळ्याच साड्या त्याला आवडायच्या असं नाही, पण ही आवडायची. कॉलरला लावायचा चिमुकला माइक तिने पदराला खोचला होता. थिएटरातला माणूस घोरला, अगदी लांबलचक घोरला. त्या घोरण्यावर आख्खा परवाना अडला होता, म्हणून चावीवाल्याने ते लक्ष देऊन ऐकलं. त्यात काही दम नव्हता. दिवे लागले.

"हसू नका," प्रोफेसर म्हणाली. "माझंही लग्न झालंय. इतकी वर्षं घातलीत त्या माणसात, आता कुठे सोडू?"

वर्ग फुटला. बाकं आपटली, कुणीतरी शिट्टी वाजवली. चावीवाल्याचे कान तापले. प्रोफेसर हसत हसत फळ्याकडे वळली. तिची पाठ वर्गाकडे, त्या गोंधळात तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नसता. पण माइक पदरालाच होता.

"म्हणून दर वर्षी हा धडा आला की मी मनाशी विचारते," ती खडू शोधता शोधता पुटपुटत होती, स्वतःशीच, घरी चष्मा शोधताना पुटपुटायची तशी. "मागचं सगळं सोड. तो आज नव्याने दुकानात दिसला, तर घेशील का? घेईन बाई. लगेच घेईन." तिला खडू सापडला. "पण या वेळी घासाघीस करून."

मग हशा ओसरला आणि ती वर्गाकडे वळून नेहमीच्या आवाजात ओरडली, "झालं का हसून? लिहा."

चावीवाल्याने तास तिथेच थांबवला. त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. आणि मग हेडफोन कानावर असल्यामुळे आपण केवढ्याने बोलतोय हे न कळून तो त्या शांत खोलीत मोठ्याने म्हणाला, "घासाघीस? हिला? भाजीवाले हिला बघून भाव चढवायचे!"

सगळी डोकी वर झाली. दहावा हिस्सा ओठांवर बोट ठेवून धावत आला, आणि जवळ येऊन थबकला. चावीवाला हसत होता आणि त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने तो ते पुसत होता.

"मिळालं का?" दहाव्या हिश्शाने हळूच विचारलं.

"मिळालं."

त्याने काय मिळालं ते विचारलं नाही. त्याला विचारण्याचा परवाना नव्हता, असं तो नंतर म्हणाला.

बाहेर येऊन चावीवाल्याने मेहुणीला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. ती बराच वेळ नाक शिंकरत राहिली. "मग? मी म्हणत नव्हते का?" ती म्हणाली.

"कधी म्हणालीस?"

"मनात म्हणत होते."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. माणसाला हवं ते मिळालं, फीचे पैसे वसूल झाले, दुकान उघडायचं आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचं. पण चावीवाला आता रोज ग्रंथालयात जायला लागला. सकाळी वर्ग, मग थोडा वेळ प्रोफेसर, मग दुकान. तिचे सगळे तास त्याला आता पाठ झाले होते, खोकल्यासकट. गिऱ्हाइकांनाही फरक कळला, तो त्यांना हळूहळू नीट उत्तरं द्यायला लागला.

मग परीक्षेची तारीख लागली आणि नव्या मास्तरने सगळ्यांना खुशखबर दिली, की पास झालं की प्रमाणपत्र मिळणार. चावीवाल्याने हात वर केला. वर्षभरात त्याने विचारलेला तो पहिलाच प्रश्न. "पास झाल्यावर तास बघता येतात का?"

"छे, मग काय गरज?" मास्तर म्हणाला. "निकाल लागला की खातं बंद. पास झालेला माणूस विद्यार्थी राहत नाही, त्याला या वर्गात पुन्हा प्रवेशही नाही."

परीक्षेत बुडीत खर्चावर प्रश्न आला. स्वतःच्या शब्दांत सांगा, उदाहरण द्या. त्या हॉलमध्येच काय, त्या शहरात या प्रश्नाचं उत्तर चावीवाल्याइतकं चांगलं कुणालाच येत नव्हतं. दोन्ही बहिणी खाली मान घालून भराभर लिहीत होत्या, नर्स पुरवणी मागत होती. चावीवाल्याने पेनाचं टोपण लावलं, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत घंटा होईपर्यंत आरामात बसून राहिला. पेपर गोळा करताना कोरी पानं बघून मास्तरचा चेहरा पडला. बाईंना काय तोंड दाखवू, असंच त्याला वाटलं असणार.

निकाल लागला. आख्खा वर्ग पास, एकटा चावीवाला नापास. तो पेढे वाटल्यासारख्या चेहऱ्याने दुकानात बसला होता, आणि मेहुणी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमचे भाऊजी गचकले हो परीक्षेत."

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले त्या सकाळी काचेच्या खोलीत सगळ्यात आधी चावीवाला हजर होता. तास ऐकण्याची मुभा हवी तर अर्जावर दहाव्या हिश्शाचीच सही लागायची. त्याने अर्ज पाहिला, मग चावीवाल्याकडे पाहिलं, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

"पुन्हा हाच वर्ग? मी आपलं सांगतो, रागावू नका. एक वर्ष घातलंत म्हणून हट्टाने दुसरं घालू नका. गेलं ते गेलं म्हणून सोडून द्यावं."

"सोडलं की," चावीवाला म्हणाला. "मागचं वर्ष धरूच नका. मी आज पहिल्यांदाच तुमच्या दारात आलोय असं समजा, आणि मला विचारा."

"काय विचारू?"

"घेणार का, म्हणून."

दहाव्या हिश्शाला यातलं काही कळलं नाही. पण वर्षभरात त्याला या माणसाची सवय झाली होती. त्याने पेन खाली ठेवलं आणि अगदी रीतसर विचारलं, "घेणार का?"

"घेणार तर!" चावीवाला खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "फक्त फीचं काहीतरी कमी करा."